उजवी बाजू वर

उधवा गावी रमणकाकांच्या घरी गेलं की ओट्याखाली चपला काढायच्या आणि आत जायचं. पाणी, चहा, गप्पा व्हायच्या. निघायला उठलं की चपला जागेवरच असायच्या, पण त्यांची तोंडं फिरलेली. काढताना घराकडे होती, आता रस्त्याकडे. पाय सरकवला की थेट चालू लागायचं. हे काम कधी झालं ते कळायचं नाही, कारण काका तर आपल्यासमोर बसलेले असायचे. मी एकदा मुद्दाम लक्ष ठेवलं. पाण्याचा तांब्या भरायला म्हणून ते उठले, ओट्याच्या कडेला वाकले, माझ्या सँडल हाताने फिरवल्या, हात धुतला आणि मग तांब्या भरला.

"काका, माझ्या चपलांना हात कशाला लावता?"

"जपानमध्ये लावतात," ते म्हणाले. त्यांच्या लेखी तेवढं कारण पुरे होतं.

ही सवय फक्त घरापुरती असती तर ठीक होतं. तलासरीला एका लग्नात मंडपाबाहेर दीड-दोनशे जोड पडले होते. काका बसले उकिडवे आणि लागले एकेक फिरवायला. नेमके नवरदेवाचे बूट हातात असताना वऱ्हाडातल्या पोरांनी त्यांना धरलं. मुलीकडच्यांनी बूट लपवायला एवढा म्हातारा माणूस लावलाय म्हणून मोठा गलका झाला. काका त्यांना जपानचं सांगत होते, पोरं म्हणत होती, "काका, पैसे किती ठरलेत ते बोला ने!" शेवटी त्यांची बायको, जमनाकाकी, आली आणि म्हणाली, "सोडा रे त्यांना. चोरायची अक्कल असती तर मी आज बंगल्यात असते."

रमणकाका जपानला कधी गेले नव्हते. मुंबईलाच तीन-चारदा गेले असतील. डहाणूच्या किनाऱ्यावर उभं राहून कोणी समुद्राकडे बोट करून विचारलं, "काका, तुमचं जपान तिकडेच ने?" तर ते शांतपणे वळायचे आणि जमिनीकडे बोट दाखवायचे. "तिकडे अरबस्तान. जपान इकडे, जव्हारच्या डोंगरांच्या मागे."

आमची ओळख कंपनीतली. हद्दीपलीकडे, गुजरातच्या बाजूला, प्लास्टिकचे डबे-झाकणं बनवणारी कंपनी होती. काका तिथे मेंटेनन्स फिटर, मी स्टोअरकीपर. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. कोसबाडजवळच्या पाड्यावरून रोज डहाणूला जाऊन बी.कॉम. केलं. आईबापांनी दुसऱ्याच्या चिकूवाडीत काम करून मला शिकवलं, आणि हे मी कुठेही, कोणालाही सांगतो. कंपनीत पहिल्याच आठवड्यात मी ते एवढ्या लोकांना सांगितलं की काकांनी माझं नावच 'ग्रॅज्युएट' ठेवलं. दिनेश म्हणून त्यांनी मला क्वचितच हाक मारली असेल.

मशीन पुसायला आमच्याकडे चिंधीचे गठ्ठे यायचे. बाहेरदेशातून आलेले जुने कपडे. कोणी ते पुन्हा विकू नयेत म्हणून आधीच आडवेतिडवे कापलेले. जीन्सचा एक पाय, स्वेटरचा गळा, असलं काहीही त्यात निघायचं. काका एकदा गिअरबॉक्सचं तेल पुसायला चिंधी मागायला आले. मी गठ्ठ्यातून हाताला लागला तो तुकडा काढून दिला. राखाडी रेशीम, खालच्या अंगाला पाण्याच्या लाटा. ते दारापर्यंत गेले आणि परत आले.

"ग्रॅज्युएट, ह्याने तेल नाही पुसायचं."

"का? भिजत नाही का?"

"हे हाताने शिवलंय." त्यांनी शिवण उलटी करून नखाने दाखवली. "बघ. मशीनचा एक टाका नाही. कोणीतरी बसून शिवलंय."

मग त्यांनी मला अख्खा गठ्ठा सोडायला लावला. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघं त्यात बसलो होतो. चार तुकडे मिळाले, एक बाही मिळाली, दुसरी नाही. पुढचे दोन गठ्ठेही त्यांनी धुंडाळले, तरी नाही. मी गेटपासवर लिहिलं : चिंधी, नग पाच, निकामी. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडून पाहिली. "काका, काकीसाठी गाऊन चाललाय का?"

"अजून माहीत नाही," काका म्हणाले. "काय आहे ते कळलं की सांगतो."

ते काय आहे ते मी शोधलं, मोबाईलवर फोटो काढून. किमोनो. जपानी बायकांचा. काकांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि खिशातल्या डायरीत, बेअरिंगच्या नंबरांखाली, लिहून घेतला.

मग सुरू झालं ते थांबलं नाही. रविवारी काका ओट्यावर चटई टाकून बसायचे. आधी साखर आणि खोबरेल तेलाने हात चोळायचे, म्हणजे बोटांच्या भेगांतलं ग्रीस निघायचं. तरी बोटं एवढी खरखरीत की रेशमाचा धागा अडकायचा. म्हणून प्रत्येक बोट दगडाने घासायचे. कोणी मध्येच कापडाला हात लावायला गेलं की एकच वाक्य : "आधी हात." मीही ग्रॅज्युएट असून दोनदा हात धुऊन आलो आहे.

कापड जोडताना त्यांना एक गोष्ट सापडली आणि त्या दिवशी ते मशीनचा बिघाड सापडल्यासारखे खूष झाले. "ह्याच्यात गोलाई कुठे नाहीच! सगळे सरळ पट्टे. एका ताग्यातून कापलेले, तुकडा वाया नाही. उसवलं की परत तागा." गोलाई नसलेली वस्तू फिटरला जोडता येणारच. कापलेल्या जागी त्यांनी काकीकडून शिकून गोधडीचे टाके घातले. दिसू देत, म्हणाले, मार बसलेली मशीन रंगवून नवी म्हणून विकायची नसते. राहिली उजवी बाही. ती काकीच्या लग्नातल्या लाल साडीची केली. राखाडी पाण्याला एक लाल हात फुटल्यासारखा दिसायचा.

"लग्नाची साडी कापलीत?" मी काकीला विचारलं.

"कापली ने. कात्री मीच दिली. पेटीत पडून उंदरांनी कापली असती, त्यापेक्षा ह्यांनी कापली."

नेसवायचं कसं ते काका मोबाईलवर शिकले. एक म्हातारी जपानी बाई होती, ती आपल्या घरात बसून किमोनो नेसायला शिकवायची. ती बोले ते सगळं जपानीत. काकांना एक अक्षर कळत नव्हतं, पण ते तिला मावशी म्हणायचे आणि कंपनीत येऊन सांगायचे, "काल मावशी म्हणत होती, गाठ मारताना घाई करायची नाही."

"काका, ती असं म्हणाली हे तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावरून. माझी आई पण असंच तोंड करायची."

किमोनो स्वतःचा स्वतःला नेसता येतो म्हणतात, पण काकीला कधी जमला नाही. कमरेचा पट्टा, त्याला ओबी म्हणतात, तो पाठीमागे बांधायचा असतो. काकांनी तो सोफ्याच्या कापडाचा शिवला आणि ताठ राहावा म्हणून आत गॅस्केटचा, म्हणजे मशीनच्या सांध्यात घालतात तो जाड कागद घातला. तो माझ्याच स्टोअरमधला, भंगारातला. तर काकी हात पसरून उभी राहायची आणि काका तिच्याभोवती फिरायचे, तोंडात दोऱ्या धरून, एक सुरकुती इकडे, एक तिकडे, तळवा फिरवत. चाळीस मिनिटं. काकी तेवढ्या वेळात शेजारणीशी कुंपणावरून बोलून घ्यायची, कोंबड्या हाकलायची, एकदा तर उभ्या उभ्या वाल सोलले. शेजारपाजारचे हसायचे. तिला काही वाटायचं नाही. मी एकदा विचारलं, तुम्हाला आवडतं का हे? ती म्हणाली, "तीस वर्षांत हा माणूस माझ्याकडे एवढा वेळ बघत कधी उभा नव्हता."

आता माझी चूक सांगतो.

पहिल्यांदा नेसवताना काकांना प्रश्न पडला : पुढच्या दोन बाजूंपैकी वर कुठली? मावशीच्या व्हिडिओत नीट कळत नव्हतं, कधी आरशात दिसायचं, कधी सरळ. काकांनी डोकं चालवलं. काकीचा ब्लाउज पाहिला. बायकांच्या कपड्याला उजवी बाजू वर, पुरुषांच्या शर्टाला डावी. हा बायकांचा कपडा, म्हणजे उजवी वर. तरी खात्री करायला ते माझ्याकडे आले. "ग्रॅज्युएट, तू शिकलेला. इंग्लिशमध्ये असेल कुठे, वाचून सांग."

मी वाचलं नाही. स्टॉक मोजणी चालू होती. आणि मला माहीत नाही, असं म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "बरोबर आहे काका. उजवी वर."

तसाच फोटो काढला. काकी ओट्यावर उभी, लाल बाही पुढे, उजवी बाजू वर. तो मोठा करून, काच लावून, आतल्या खोलीत देवांच्या फोटोशेजारी टांगला. दोन वर्षं तो तिथे होता.

मग एकदा रेशमावर बुरशीचे ठिपके आले म्हणून काकांनी मला विचारलं, हे धुवायचं कसं. ह्या वेळी मी खरंच वाचायला बसलो. धुण्याचं मिळालं, आणि त्याच्याच खाली दुसरं. किमोनोची नेहमी डावी बाजू वर. बाई असो, पुरुष असो. उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात.

मी सरळ बोलणारा माणूस आहे. मनात ठेवणं मला जमत नाही, आणि इतके दिवस मला तो गुण वाटत होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये काका आपला डबा सोडत होते. तो ते जपानी पद्धतीने चौकोनी कापडात बांधून आणायचे, वर दोन कानांची गाठ. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. "काका, आपलं उलटं झालंय. ते मेलेल्याचं आहे."

त्यांनी गाठ अर्धी सोडली होती. ती तशीच ठेवली. डबा न उघडता उठले. मला वाटलं, रागावले माझ्यावर. शेजारी बसलेल्या ऑपरेटरने मला कोपराने ढोसलं. "अरे, परवा काकीचं ऑपरेशन आहे. पिशवीचं. डॉक्टरने सांगितलंय, काढल्यावर तपासायला पाठवायचं. तुला नाही सांगितलं?"

मला नव्हतं सांगितलं. म्हणजे सांगितलं असेल, आणि मी स्टॉक मोजत असेन.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच मी उधव्याला गेलो, सोबत म्हणून आणि माफी मागायला म्हणून. हॉस्पिटल वापीकडचं, नऊ वाजता पोचायचं होतं. दारात भाड्याची ईको गाडी उभी. आत भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन. फोटो खाली, भिंतीकडे तोंड करून. काका खाटेवर बसलेले, दोन दिवस दाढी नाही.

"मी माझ्या हाताने नेसवलं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "दोन वर्षं टांगून ठेवलं. रोज उदबत्ती फिरवताना त्याच्यासमोरूनही फिरली असेल."

"काका, चूक माझी आहे. मी न वाचता—"

"तुझी कशी? नेसवलं कोणी?" मग हळू आवाजात, "ते सगळं बांधून ठेवलंय. तू घेऊन जा. गठ्ठ्यात टाक परत. तेल पुसू देत."

काकी मोरीतून केस पुसत आली. तिने आधी मला पाहिलं, मग काकांना, मग भिंतीकडे तोंड केलेला फोटो.

"ह्याच्यासाठी दोन दिवस जेवले नाहीत का हे? मला वाटलं माझ्यासाठी."

मग ती माझ्याकडे वळली.

"काय झालंय ते सांग रे दिनेश. हे तर बोलत नाहीत."

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दुसरी बाजू वर घेतली की झालं?"

"हो, पण—"

"पण काय? उसवायला लागेल?"

"नाही. नुसतं नेसायचं तर असतं."

"मग नेसवा." ती केस तसेच बांधून खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने हात पसरले. "डावी वर. आणि फोटो काढा. मी परत नाही आले तर तो सरळ फोटो राहील. आले तर पण राहील."

"अगं, चाळीस मिनिटं लागतात," काका म्हणाले. "डॉक्टर—"

"थांबेल डॉक्टर. माझ्याशिवाय त्याला काय कापायचंय?"

काका उठले. मोरीत गेले. साखर आणि तेल चोळल्याचा आवाज आला. मी बाहेर जाऊन ईकोवाल्याला सांगितलं, थांब. तो म्हणाला, "पेशंट तयार होतोय का?" मी म्हणालो, "हो, तेच समज."

त्या दिवशी काकांनी पंचवीस मिनिटांत बांधलं. गाठ सरळ बसली. मी मोबाईलवर फोटो काढला. घड्याळ पाहिलं तर सोडायला वेळच उरला नव्हता. काकी तशीच गाडीत बसली, पाठ न टेकता, कारण गॅस्केटचा कागद वाकला असता. उधव्यापासून वापीपर्यंत ती ताठ बसून खिडकीबाहेर बघत होती. रस्त्यावरची माणसं तिच्याकडे बघत होती.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने विचारलं, "नाटकवाले आहात का?" आत सिस्टरने तिच्या हातात हिरवा गाऊन दिला. "मावशी, हे काढा आणि तो घाला."

"मला सुटत नाही," काकी म्हणाली. "ह्यांना आत बोलवा."

"पुरुषांना इथे परवानगी नाही."

"मग तुम्ही सोडून दाखवा."

सिस्टरने एक दोरी ओढली, तिच्यामागून दुसरी निघाली, तिच्यामागून तिसरी. पाच मिनिटांनी तिने दार उघडलं आणि ओरडली, "रमणभाई कोण आहे?" काका आत गेले. परत आले तेव्हा हातांवर घडी केलेला किमोनो होता, मूल धरावं तसा. ऑपरेशन होईपर्यंत तो त्यांनी खाली ठेवला नाही. बाकावरही नाही. मी दोनदा म्हणालो, द्या माझ्याकडे. ते म्हणाले, "आधी हात." मी हात धुऊन आलो, तरी दिला नाही.

काकी परत आली. तपासणीतही काही निघालं नाही. काका म्हणायचे, डावी बाजू वर घेतली म्हणून. काकी म्हणायची, डॉक्टर चांगला म्हणून. नवीन फोटो त्याच खिळ्यावर लागला. त्यात तिचे केस ओले आहेत आणि ती हसत नाहीये, पण काकांना तोच फोटो सगळ्यांत जास्त आवडायचा. येईल त्याला दाखवायचे. "बाजू बघ, बाजू!" आणि माझ्याकडे वळून, "ह्या ग्रॅज्युएटने शोधून काढलं. नाहीतर मला काय कळणार होतं." खरं काय ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. आज मी सांगतो आहे.

पुढे मी कंपनी सोडली, चारोटीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलो. काका रिटायर झाले. सणासुदीला जाणं व्हायचं. काकी हात पसरून उभी, काका तोंडात दोऱ्या धरून फिरत आहेत, हे मी शेवटचं गेल्या दिवाळीत पाहिलं. आता त्यांना मध्ये बसून दम घ्यावा लागायचा. काकी म्हणायची, "बसा, मी उभी आहे."

ह्या वर्षी एका सकाळी फोन आला. छातीत दुखलं, गाडी येईपर्यंत काका गेले.

मी पोचलो तेव्हा ओट्याखाली चपलांचा नुसता ढीग होता. कोणाची कुठे तोंडं. मी माझ्या त्यातच काढल्या. आत काकांना आंघोळ घालून पांढऱ्या कापडात ठेवलं होतं. त्यांची मुलगी सिल्वासाहून आलेली, काकांच्या पायाशी बसली होती. काकी आतून पेटी ओढत आली आणि तिने किमोनो बाहेर काढला.

काकांचा धाकटा भाऊ लक्ष्मण पुढे झाला. "वहिनी, अगं, बायकांचा कपडा आहे तो. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी चिंधीच म्हटलं होतं त्याला."

"तसं नाही. तुझ्याकडे ठेव ने. आठवण राहील."

"ठेवून काय करू?" काकी म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता. "मला नेसवणारं कोण आहे आता?"

लक्ष्मण मागे सरला. मी आणि त्यांच्या मुलीने खांदे धरले. काकीने कापड अंगाखालून सरकवलं, एक बाही, मग दुसरी. मग तिने पुढच्या बाजू घेतल्या, आणि सवयीने डावी वर टाकली. हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दिनेश, कुठली रे?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

"उजवी वर, काकी."

"नक्की?"

"नक्की. वाचलंय मी."

"बघ हां. ह्यांना चुकलेलं चालायचं नाही."

ती उठली. मोरीत गेली. हात धुऊन, पदराला पुसून परत आली. डावी बाजू काढून खाली घातली, उजवी वर घेतली आणि काका फिरवायचे तसा तळवा फिरवून छातीवरची सुरकुती काढली. लाल बाही सगळ्यांत वर ठेवली. मग जरा मागे सरून, मान तिरकी करून, बराच वेळ बघत राहिली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "उचला."